चेसी बघून गाडी निवडा: एसयूव्ही आणि पिकअपच्या सांगाड्यातला फरक

गाडी बघायला शोरूममध्ये गेलं की नजर आधी स्क्रीनवर जाते, मग सनरूफवर, मग सीटच्या कापडावर. गाडी आयुष्यभर ज्याच्यावर उभी राहणार तो सांगाडा मात्र कुणी वाकून बघत नाही. कोल्हापूरकडच्या माणसानं तर तो बघायलाच हवा, कारण इथं गाडीला एकच काम नसतं. आठवडाभर ती उसाच्या पाणंदीतनं फिरते, रविवारी गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाते आणि मध्येच पुणे-बेंगळुरू हायवेवर तासनतास धावते. तिन्ही कामांना सारखीच चांगली अशी चेसी कुणी बनवलेली नाही.

हा लेख पहिल्यांदाच एसयूव्ही किंवा पिकअप घेणाऱ्यांसाठी आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. बऱ्याच एसयूव्ही आणि पिकअप एकाच सांगाड्याच्या घरातल्या असतात. पुढचा अर्धा भाग जवळजवळ सारखा असतो आणि फरक पडतो तो मागच्या अर्ध्यात. म्हणून गाडी मागून बघायला शिका.

१. आधी खाली वाका

गाडीच्या मागच्या चाकाच्या मागे उकिडवे बसा आणि मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या दिशेनं बघा. गाडीच्या लांबीभर जाणाऱ्या दोन जाड पोलादी दांड्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे दिसले, तर ती लॅडर फ्रेम, म्हणजे आपल्याकडं ज्याला 'चेसीची गाडी' म्हणतात ती. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सगळं या शिडीवर बसतं. वरची बॉडी वेगळी तयार होते आणि रबरी बुश मध्ये घालून बोल्टनं शिडीवर बसवली जाते. ते बुशही दिसतील. दांडीपासून बाहेर आलेल्या कानांवर काळे गोल रबर असतात, तेच.

दांड्यांऐवजी पत्र्याचाच सलग तळ दिसला, त्यावर दाबून काढलेल्या घड्या आणि मधून जाणारा सायलेन्सर असला, तर ती मोनोकॉक. यात शिडी नसतेच. तळ, खांब, छत, चाकांवरच्या कमानी, सगळं एकमेकांना वेल्ड करून एकच कवच बनवलेलं असतं आणि वजनही तेच कवच पेलतं. नवखा माणूस इथं एका जागी फसतो. मोनोकॉकच्या पुढच्या चाकांमध्ये एक जाडजूड पोलादी चौकट असते, तिला सबफ्रेम म्हणतात. तेवढीच बघून 'हिला पण चेसी आहे' असं समजू नका. शिडी पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत सलग जाते.

हे डोळ्यांनी बघायचं अशासाठी की नावावरून काही कळत नाही. १९९८ ची टाटा सफारी चेसीवर होती. २०२१ मध्ये त्याच नावानं आलेली सफारी मोनोकॉक आहे. इनोव्हा क्रिस्टाला चेसी आहे, इनोव्हा हायक्रॉसला नाही. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन चेसीवर, तर त्याच कंपनीची एक्सयूव्ही ७०० मोनोकॉक. महिंद्राची पहिली मोनोकॉक एसयूव्ही २०११ ची एक्सयूव्ही ५००. थार, थार रॉक्स, बोलेरो, बोलेरो निओ, जिमनी, गुरखा, फॉर्च्युनर या सगळ्या चेसीच्या. हॅरियर, कंपास, क्रेटा मोनोकॉक. डबड्यासारखा चौकोनी आकार असला की खाली चेसी असणारच, असंही नाही. २०२० पासूनची लँड रोव्हर डिफेंडर दिसायला दणकट चौकोनी आहे, पण ती मोनोकॉक आहे आणि खडकाळ रस्त्यावर भल्याभल्यांना मागं टाकते.

आता 'चेसीची गाडी म्हणजे सेफ, बाकीच्या पत्र्याचे डबे' हे वाक्य. कोणत्याही गॅरेजमध्ये ते ऐकायला मिळेल आणि ते चूक आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० ला पाच तारे मिळाले, २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनलाही पाचच मिळाले. एक बिनचेसीची, दुसरी चेसीची. धडक बसल्यावर पुढचा भाग किती शिस्तीत चुरगळतो आणि केबिन किती शाबूत राहते, यावर माणूस वाचणं अवलंबून असतं. पुढची दांडी दगडासारखी कडक असेल तर धक्का थेट आत येतो. गाडी घेताना त्या मॉडेलचा चाचणीचा निकाल बघा, पत्र्यावर टिचकी मारून काही कळणार नाही.

२. दांडीचा आकार बघा

चेसीची गाडी आहे हे कळलं, की दांडीला हात लावा. ती एका बाजूनं उघडी आहे की चारी बाजूंनी बंद? उघडी असेल तर तिला सी चॅनेल म्हणतात, बंद असेल तर बॉक्स सेक्शन.

फरक समजायला घरी एक प्रयोग करा. उदबत्तीचा रिकामा चौकोनी पुडा घ्या आणि दोन्ही टोकं धरून पिळा. तो दाद देत नाही. आता एका कडेनं लांबीभर कात्री चालवा आणि पुन्हा पिळा. लगेच वळतो. पुठ्ठा तोच, वजन तेच, पण कड उघडली की पीळ सोसायची ताकद जाते. वाकण्याच्या बाबतीत मात्र उघडा चॅनेल तितका कमजोर नसतो, म्हणून मोठ्या ट्रकच्या चेसी आजही सी चॅनेलच्या असतात. ट्रकला थोडा पीळ चालतो. वर माल असतो, तो तक्रार करत नाही, आणि उघड्या चॅनेलवर हौदा, टाकी, क्रेन काहीही बसवणं सोपं जातं. एसयूव्हीत माणसं बसतात. तिथं चेसी पिळली तर दारं कुरकुरतात, काचा वाजतात, स्टिअरिंग ढिलं वाटतं. म्हणून आजच्या एसयूव्हीत बंद दांड्या, आणि ज्या पिकअप त्याच घरातून येतात त्यांच्यातही बहुधा बंदच.

बंद दांडीचा एक तोटा आपल्या भागात फार जाणवतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडची जांभ्याची तांबडी माती ओली झाली की लोण्यासारखी आत शिरते आणि वाळली की तिथंच बसते. दांडीला खालून पाणी जायची भोकं ठेवलेली असतात, ती चिखलानं बुजली की आतून गंज धरतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. पावसाळ्यात सर्व्हिसिंगला गेल्यावर वरची बॉडी चकचकीत करण्यापेक्षा 'दांडीच्या आतनं पाणी मारा' असं सांगा, आणि ती भोकं स्वतः बघून मोकळी करून घ्या. कोकणात वरचेवर जाणाऱ्यांनी तर हे चुकवू नयेच, खाऱ्या हवेत गंज दुप्पट जोर धरतो.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांमुळं, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यांमुळं, कोल्हापुरात बऱ्याच घरांचा कास्टिंगशी संबंध आहे. त्यामुळं कुणीतरी विचारतंच, की ब्रेक ड्रम ओतीव, ॲक्सलचं (दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचं) हाउसिंग ओतीव, मग चेसीच का ओतत नाहीत? बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, दाब चालतो, ताण आणि वारंवारचा पीळ चालत नाही. ते वाकायच्या आधी तडकतं. चेसीला लाखो वेळा थोडं वाकून पुन्हा सरळ व्हायचं असतं. म्हणून ती पोलादी पत्रा दाबून आणि वेल्ड करून करतात.

३. प्लॅटफॉर्म म्हणजे फक्त चेसी नव्हे

माहितीपत्रकात 'एकाच प्लॅटफॉर्मवर' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दोन गाड्यांची चेसी एकाच साच्यातली, असा घेऊ नका. प्लॅटफॉर्ममध्ये इंजिन उभं की आडवं, पुढचं सस्पेन्शन कुठं अडकतं, स्टिअरिंग आणि पेडलच्या जागा, वायरिंग, गिअरबॉक्स हे सगळं येतं. शिडीची लांबी आणि मागचा भाग कामाप्रमाणं बदलतो.

सगळ्यात चांगलं उदाहरण टोयोटाच्या आयएमव्ही घराचं. हे घर २००४ मध्ये सुरू झालं. हायलक्स ही पिकअप, फॉर्च्युनर ही एसयूव्ही आणि इनोव्हा क्रिस्टा ही घरगुती गाडी, तिघी त्याच घरातल्या. फॉर्च्युनरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २७४५ मिमी आहे. हायलक्सचं ३०८५ मिमी. इसुझूचंही तसंच: डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअपचा व्हीलबेस ३०९५ मिमी, तिच्यापासून आलेल्या एमयू-एक्स एसयूव्हीचा २८४५ मिमी. पिकअप प्रत्येक वेळी लांब. का, ते पुढं येतंय.

आपल्याकडची गोष्ट याहून जुनी आहे. टाटांनी आधी टाटामोबाइल ही पिकअप केली आणि तिच्या पायावर १९९१ मध्ये सिएरा उभी केली. पुढं सफारीही त्याच वंशात आली. म्हणजे भारतातली एसयूव्ही पिकअपच्या पोटातून जन्मली. आता उलटंही होतंय. महिंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जी पिकअप संकल्पना म्हणून दाखवली, ती स्कॉर्पिओ-एनवरून घेतलेली होती.

मोनोकॉक पिकअपही जगात आहेत. अमेरिकेत होंडाची रिजलाइन आणि फोर्डची मॅव्हरिक तशाच. हलकं सामान आणि हायवे एवढंच काम असणाऱ्यांना त्या सोयीच्या आहेत, पण आपल्याकडं त्या विकल्या जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर इथं वेळ घालवत नाही.

४. मागचा अर्धा भाग: खरी परीक्षा इथं

पुन्हा मागं बसा. आता मागच्या ॲक्सलवर काय आहे ते बघा.

पिकअपमध्ये बहुतेक वेळा पाटे दिसतील. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, मध्ये यू-बोल्टनं ॲक्सलला आवळलेल्या, पुढचं टोक चेसीला पिनेवर आणि मागचं टोक शॅकल नावाच्या हलणाऱ्या कडीवर. पाटा दोन कामं एकटा करतो. वजन उचलतो आणि ॲक्सल पुढं-मागं सरकू देत नाही. शिवाय भार चेसीवर एका बिंदूत न टाकता पुढच्या आणि मागच्या टोकांत वाटून देतो. जड माल लादायला याच्याइतकी साधी आणि टिकाऊ रचना दुसरी नाही. तुटला तर सांगली-कोल्हापूर रस्त्यावरच्या कुठल्याही पाटेवाल्याकडं एक पट्टी बदलून मिळते.

एसयूव्हीत त्याच जागी गोल कॉइल स्प्रिंग असतात. कॉइल फक्त वजन उचलते, ॲक्सल धरून ठेवत नाही. म्हणून तिच्यासोबत ॲक्सल धरून ठेवणाऱ्या चार-पाच दांड्या लागतात, त्यांना आर्म किंवा लिंक म्हणतात. स्कॉर्पिओ-एनला पाच लिंक आहेत, त्यात ॲक्सल डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून वॉट लिंकेज बसवलेलं आहे. फॉर्च्युनरला मागं कॉइल आणि लिंक, तिच्याच घरातल्या हायलक्सला पाटे. एवढा एक फरक दोन्ही गाड्यांचा स्वभाव बदलतो.

रिकामी पिकअप का उडते, ते यातनं कळतं. तिचे पाटे मालासाठी ताठ ठेवलेले असतात. हौदा रिकामा असेल तर त्यांना दाबायला वजनच नसतं, मग प्रत्येक खड्डा मागच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीत जातो. त्याच हौद्यात चार-पाचशे किलो टाका, गाडी एकदम शांत होते. घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन पिकअपनं ज्योतिबाला किंवा नृसिंहवाडीला जायचा बेत असेल, तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना मागच्या सीटवर बसवूनच न्या. शोरूमवाला तुम्हाला पुढच्या सीटवर बसवेल. पुढं सगळं छानच वाटतं, कारण पुढचा अर्धा भाग एसयूव्हीसारखाच आहे.

वजन मागं नसल्याचा दुसरा परिणाम पावसात दिसतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर भार कमी, आणि फोर बाय फोर लावलेलं नसेल तर ढकलणारी चाकं तीच. ओल्या काळ्या रानातल्या पाणंदीत ती चाकं जागेवर फिरायला लागतात. ही चेसीची खोड नाही, भाराच्या वाटणीची आहे. मागं लॉक होणारं डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा संच) असेल तर बरीच सुटका होते.

आता केबिन आणि हौदा यांच्यामधली फट बघा. दोन बोटं जाईल एवढी उभी फट प्रत्येक चेसीच्या पिकअपला असते, आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. लांब चेसी उंचसखल जागेवर थोडी पिळते. केबिन आणि हौदा एकच पत्रा असता, तर तो पीळ मधल्या जोडावर येऊन पत्रा फाटला असता. वेगळे ठेवल्यामुळं केबिन पुढच्या भागाबरोबर हलते, हौदा मागच्या भागाबरोबर. एसयूव्हीत ही सोय नाही. तिथं पूर्ण बॉडी एकच आहे, म्हणून चेसी आखूड आणि पिळायला जास्त कडक करावी लागते. लांबीतला फरक इथूनही येतो. पिकअपला दोन ओळींची केबिन आणि तिच्यामागं मालाचा हौदा, दोन्ही हवेत, आणि मालाचं वजन ॲक्सलच्या फार मागं लटकायला नको, म्हणून ॲक्सलच मागं ढकलावा लागतो.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या गावोगावी उभा असतो: बोलेरो. ती एसयूव्ही म्हणून विकली जाते, पण तिच्या मागं पाटे आहेत. म्हणून ती खड्ड्यात उसळते, आणि म्हणूनच दहा माणसं आणि खताची पोती एकदम भरली तरी मागून बसत नाही. दहा माणसं भरणं कायद्यात बसत नाही, हे वेगळं. तिची धाकटी बहीण वाटणाऱ्या बोलेरो निओला मात्र मागं कॉइल आहेत, त्यामुळं नाव बघून घेणाऱ्याची दोघींमध्ये फसगत होते.

५. पोट आणि शेपूट

व्हीलबेस वाढला की गाडीचं पोट उंचवट्याला लवकर टेकतं. टायरचा आकार बाजूला ठेवून साधं भूमितीचं गणित मांडलं आणि पोटाखाली २२० मिमी जागा धरली, तर २४५० मिमी व्हीलबेसला, म्हणजे तीन दारांच्या थारएवढ्या गाडीला, साधारण २० अंशांचा उंचवटा ओलांडता येतो. २७४५ मिमीला १८ आणि ३०८५ मिमीला १६. आकडे लहान वाटतात, पण कालव्याच्या भरावावर किंवा उसाच्या बांधावर गाडी मधोमध अडकून चारी चाकं हलकी होतात ती याच चार अंशांत. प्रत्यक्ष गाडीचे आकडे माहितीपत्रकात रॅम्प अँगल म्हणून दिलेले असतात, ते बघा.

शेपटीचंही तसंच. पिकअपचा हौदा ॲक्सलच्या मागं बराच बाहेर येतो, त्यामुळं ओढ्यातून वर चढताना मागचा बंपर जमिनीला घासतो. खडक, ओढे, अरुंद वळणं असाच शौक असेल तर आखूड चेसी घ्या: थार, जिमनी, तीन दारांची गुरखा. गुरखाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक आहे. जिमनीला पुढं-मागं दोन्हीकडं सरळ ॲक्सल आहेत, वर ती हलकी, त्यामुळं चिखलात कमी रुतते.

एक विनंती. मसाई पठारासारख्या सड्यांवर गाडी घालू नका. तिथली माती बोटभर जाडीची असते, तिच्यावर पावसाळ्यात फुलं येतात, आणि एकदा टायरची चाकोरी पडली की ती वर्षानुवर्षं भरत नाही. गाडीची ताकद बघायला पाणंदी भरपूर आहेत.

६. वजनाचा हिशेब

आरसी बुकवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो तुमचा भार. त्यात माणसंही आली. पाच जण बसले की साडेतीनशे किलो तिथंच गेले. महिंद्राच्या पिकअपच्या नावात १.७ किंवा २.० असे आकडे येतात, ते टनातला भार सांगतात. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी डबल केबिनची गाडी दिसायला त्यांच्यापेक्षा थोराड असली, तरी भार त्यांच्यापेक्षा कमी घेते. गुळाचे रवे, भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन रोज न्यायचे असतील तर साधी सिंगल केबिनची पिकअपच हवी, महागडी डबल केबिन त्या कामाची नाही.

भार किती, याच्याइतकंच तो कुठं ठेवला हे महत्त्वाचं. जड माल केबिनच्या भिंतीला चिकटवून, ॲक्सलच्या पुढं ठेवा. फाळका उघडा टाकून मागं लटकवलेलं ओझं ॲक्सलवर तरफेसारखं काम करतं. पुढची चाकं हलकी होतात, करूळ घाटाच्या वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात केबिनच्या मागच्या जागी चेसी थोडी थोडी वाकत जाते. अशा गाड्या ओळखायची खूण म्हणजे केबिन आणि हौद्यामधली तीच फट. वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट, झाली असेल तर चेसीनं आकार सोडलाय.

७. चालवून बघा

शोरूमभोवतीची चक्कर पुरेशी नाही. पन्हाळ्याच्या चढावर न्या, हायवेवर न्या आणि एखाद्या खराब रस्त्यावरही न्या.

घाटात वळणावर बॉडी किती कलते ते बघा. चेसीची गाडी उंच आणि जड असते, मोनोकॉक तिच्यापेक्षा स्थिर वाटणारच. हायवेवर जोडावरून जाताना चेसीच्या गाडीत एक बारीक थरथर येते, बॉडी आणि चेसी बुशांवर वेगवेगळ्या हलतात त्याची. काहींना ती खपत नाही, आणि ज्यांना खपत नाही त्यांनी भिडेखातर चेसीची गाडी घेऊ नये. माझं मत स्पष्ट आहे. वर्षातनं दोनदा कच्चा रस्ता आणि बाकी पुणे, बेळगाव, गोवा असंच फिरणं असेल तर मोनोकॉक घ्या. ती हलकी असते, तेल कमी पिते आणि घाटात ऐकते. रोज पाणंद, धरणाच्या मागचे कच्चे रस्ते, वरचेवर दुसरी गाडी ओढून काढणं असं काम असेल तर चेसीची एसयूव्ही. आणि माल रोजचा असेल तरच पिकअप.

पाण्याबद्दल दोन शब्द. माहितीपत्रकात ६५० किंवा ७०० मिमी पाण्यातून जाते असं लिहिलेलं असतं, ते स्थिर पाण्याचं आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा ते वाहतं पाणी होतं. वाहत्या पाण्यात गाडीचं वजन तरंगल्यासारखं कमी होतं आणि बाजूचा रेटा तिला ढकलत नेतो, चेसी कुठलीही असो. ओढ्याच्या साध्या पाण्यातून गेलात तरी नंतर डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या. ते दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय, त्याच दिवशी बदला.

८. जुनी गाडी घेताना

जुन्या गाडीच्या बाबतीत चेसीची तपासणी हेच निम्मं काम. ओळखीच्या गॅरेजमध्ये जा आणि 'मिस्त्री, गाडी जरा रॅम्पवर घ्या की, खालनं बघू' एवढंच म्हणा. विकणारा रॅम्पला नाही म्हणाला तर गाडी तिथंच सोडा.

वर गेल्यावर आधी चेसी नंबर शोधा. चेसीच्या गाडीत तो बहुधा उजव्या दांडीवर, पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो; मोनोकॉकमध्ये बॉडीच्या पत्र्यावर. आकडे एका उंचीत, सारख्या खोलीचे आणि आरसीशी जुळणारे हवेत. आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा असतील तर पुढचं बोलणंच नको.

मग चेसी सरळ आहे का ते मोजा. यासाठी मोठं यंत्र लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. गाडी सपाट फरशीवर उभी करा. पुढं दोन्ही दांड्यांवर एकसारख्या दोन जागा निवडा, एखादं मूळ भोक किंवा बोल्ट. मागंही तशाच दोन. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खूण करा. गाडी पुढं घ्या आणि चार खुणांचे दोन तिरके कर्ण टेपनं मोजा. दोन-चार मिलिमीटरचा फरक मोजण्यातच येतो. अर्ध्या इंचाचा आला तर चेसी कुठंतरी आपटून तिरकी झालेली आहे, आणि मग अलाइनमेंट कितीही केलं तरी टायर एका बाजूनं खाणारच.

पाट्याच्या गाडीत यू-बोल्ट आणि पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट बघा. तो तुटला की ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालताना मागून दिसते. बॉडीचे रबरी बुश चेपून सपाट झाले असतील तर घाबरू नका, ते बदलता येतात. गंजाच्या जागी मात्र स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, विशेषतः मागच्या ॲक्सलवर दांडी जिथं वर वळते त्या कमानीत, कारण चिखल तिथं साचतो. पोपडा निघाला तर चालेल. टोक आत गेलं तर नको. आणि पुराच्या पट्ट्यातली गाडी असेल तर सीटखालचे बोल्ट आणि डॅशबोर्डमागची वायरिंग बघा. गाळाचा पिवळसर थर कोपऱ्यात राहतोच.

९. वेल्डिंग करायच्या आधी

पिकअप घेतली की लोक हौदा उंच करायला, जाळी बांधायला, कॅरिअर बसवायला उद्यमनगरात नेतात. चांगले कारागीर आहेत तिथं, पण दोन गोष्टी तुम्ही स्वतः सांगा. सी चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका. वाकण्याचा सगळा ताण त्या दोन पट्ट्यांवर येतो, आणि तड तिथल्याच भोकातून सुरू होते. भोक लागलंच तर उभ्या भागाच्या मध्यावर, नाहीतर सरळ यू-क्लँप वापरा. दुसरं, चेसीला थेट वेल्ड करू नका. वेल्डच्या शेजारची जागा उष्णतेनं कमजोर होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडीत वेगळा बदल करता येत नाही. चेसी लांबवणं-आखूड करणं, सिंगल केबिनची डबल केबिन करणं हे त्यात येतं. असा बदल केलेल्या गाडीचं पासिंग अडतं आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. डबल केबिन पिकअप घेताना ती खासगी म्हणून नोंदली जाणार की माल वाहतुकीची म्हणून, हेही पैसे भरायच्या आधी लेखी विचारा. कर, फिटनेस आणि विम्याचा हप्ता त्यावरच ठरतो.

गाडीवर कुठंही इलेक्ट्रिक वेल्डिंग होणार असेल, अगदी हौद्याची कडी जोडायची असली तरी, आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला लावा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जागेला अगदी लागून बसवायला सांगा. नाहीतर करंट वायरिंगमधून फिरून इंजिनचं कंट्रोल युनिट जाळतो.